काळ्या रंगावरचे डोळे

शुक्रवार, २३ जानेवारी २०२६

जेवणाच्या सुट्टीत चेंजिंग रूममध्ये हळदी-कुंकू झालं. पुसण्याच्या स्टेशनची सुपरवायझर मोनिका, तिने ठेवलं होतं. वाण म्हणून हाताला लावायच्या क्रीमची गुलाबी ट्यूब. निवड व्यवहार्य आहे. रंग मारण्याआधी प्रत्येक पार्ट ज्या द्रावणाने पुसतात त्यात सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बाकी पाणी. हातमोज्यांची जोडी शिफ्टला एकच, ती दुपारपर्यंत फाटते. मग उघडे हात, आणि पेरांना भेगा. माझ्याही पडल्या आहेत, कारण तपासणीचे पहिले वीस पार्ट मी रोज स्वतः पुसते.

मी दारावरून जात होते. मोनिका म्हणाली, "साक्षी मॅडम, तुमच्यात कुंकू चालत नाही ना? मग नुसतं वाण घ्या." घेतलं. "हसा तरी! तुमचं तोंड बघून पेंट आपोआप सुकतो." सगळ्या हसल्या. मी पण हसले असेन.

पुसणाऱ्या चौघींपैकी मंजुळाबाई बाहेर पाण्याच्या टाकीपाशी एकटी डबा खात होती. विचारलं, "आत नाही गेलात?" म्हणाली, "ऊन बरं वाटतंय." जानेवारीत ऊन बरं वाटतं, हे खरं आहे.

मी अजून प्रशिक्षणार्थी इंजिनिअर; नोकरी कायम होण्याला, कन्फर्मेशनला, पाच आठवडे उरले.

रविवार, २५ जानेवारी

काल आणि आज काळ्या पार्टवर खड्डे. गाडीच्या आरशाचं बाहेरचं कवच, रंग पियानो ब्लॅक. त्यावर टाचणीच्या डोक्याएवढा गोल खड्डा पडतो, कडेला उंचवटा, मधे तळ दिसतो. बायका याला 'डोळा' म्हणतात. डोळा पडला, दोन डोळे पडले. एरवी रोज चार-पाच पार्ट जातात. काल एकोणतीस गेले, आज तीनशे बारापैकी एकेचाळीस.

पेंट शॉपचे प्रमुख ज्ञानेश सर म्हणाले, "वीस फेब्रुवारीला कस्टमर येतोय. मला कारण पाहिजे, कविता नको." मी कविता केली नव्हती. सात शक्यता सांगितल्या होत्या.

बुधवार, २८ जानेवारी

पुसणाऱ्यांना अर्धा तास प्रशिक्षण द्या, असा सरांचा आदेश. 'का पुसायचं' हे समजावून सांगायचं होतं. मी ध्रुवीयतेपासून सुरुवात केली. दुसरी कुठलीही सुरुवात अर्धवट झाली असती.

विद्युतऋणता म्हणजे अणूची इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद. ऑक्सिजन जोरात ओढतो, कार्बन त्यामानाने कमी. म्हणून त्यांच्यातला बंध एका बाजूला झुकलेला, ध्रुवीय. पण बंध ध्रुवीय म्हणून सबंध रेणू ध्रुवीय होतोच असं नाही; रेणूचा आकार बघावा लागतो. इथपर्यंत आल्यावर मोनिकाने जांभई दिली. तेव्हा मी मंजुळाबाईला मधे उभं केलं, दोन ओढण्यांची टोकं तिच्या दोन हातांत दिली आणि दोघींना विरुद्ध दिशांना ओढायला लावलं. मंजुळाबाई जागची हलली नाही. हा कार्बन डायऑक्साइड: सरळ रेषेतला रेणू, दोन्ही ओढी एकमेकींना खोडतात. मग त्या दोघींना जवळ आणून तिच्या समोर तिरकं उभं केलं. तोच जोर, त्याच बायका. मंजुळाबाई दोन पावलं पुढे खेचली गेली. हा सल्फर डायऑक्साइड: वाकलेला रेणू. पाण्याचाही आकार असाच वाकडा; तिथे ओढणारा मधला असतो, पण हिशेब तोच. फक्त उभं राहायची जागा बदलली की सगळं बदलतं. ध्रुवीय द्रावणात ध्रुवीय घाण निघते, तेलकट घाण निघत नाही, हे त्यानंतर दोन वाक्यांत सांगता आलं.

मंजुळाबाई म्हणाली, "म्हंजी दोगी दोन अंगाला वढत असताना मी उभी हाय, तवा तुमी म्हननार, हिला कुनी वढतच न्हाई."

"बाहेरून तसंच दिसतं," मी म्हणाले.

"दिसतं तुमाला. माझं खांदं इचारा."

पुन्हा हशा. प्रशिक्षण आटोपलं. आजचे डोळे: चव्वेचाळीस.

शुक्रवार, ३० जानेवारी

कंपनीची बस मोशीच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये पन्नास मिनिटं उभी होती. मी उतरून दीड किलोमीटर चालले आणि मागून येणाऱ्या त्याच बसमध्ये पुन्हा चढले. बसून राहणं जमत नव्हतं.

विचार असा. डोळा पडतो कारण पृष्ठभागावर असं काहीतरी आहे ज्यावर रंग पसरायला तयार नाही, तो मागे सरतो. पहिला संशय सिलिकॉनचा असायला हवा. पण पेंट शॉपच्या दारावरच 'सिलिकॉन बंदी' असा बोर्ड आहे. स्प्रे, ग्रीस, पॉलिश, काहीच आत येत नाही. ज्ञानेश सर म्हणाले, "सिलिकॉन नाही म्हणजे नाही. ते सोडून बोल."

मी त्याला आधारही शोधला. सिलिकॉन तेलाच्या साखळीत सिलिकॉनचा अणू आणि ऑक्सिजन आळीपाळीने येतात. विद्युतऋणता १.९ आणि ३.४. फरक दीड. हा चांगलाच ध्रुवीय बंध. म्हणजे पदार्थ ध्रुवीय; म्हणजे आपल्या अल्कोहोल-पाण्यात निघून जायला हवा. पार्ट पुसूनही डोळे पडतात, म्हणून सिलिकॉन नाही. उरतं साधं तेल, कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्यांचं. २.५५ आणि २.२०, फरक नगण्य.

तर्कात फट दिसत नाही.

शनिवार, ३१ जानेवारी

तेल कुठून येतं, हे शोधायला वेळ लागला नाही. मंजुळाबाई डोक्याला भरपूर खोबरेल तेल लावते. टोपीच्या कडेतून कपाळावर उतरलेलं दिसतं. ती वारंवार मनगटाने कपाळ पुसते. तिच्या फडक्यावर तेलाचा डाग मिळाला. पार्ट चौघींच्या हातून एकाच ट्रॉलीवर जातात, त्यामुळे कोणता कुणी पुसला याची नोंद नाही. पण डाग तिच्याच फडक्यावर होता.

अहवाल: एक पान. 'संभाव्य कारण: अध्रुवीय तेलाचा संसर्ग. संभाव्य स्रोत: स्टेशन ३, कर्मचारी मंजुळाबाई, केसांचं तेल.' मी 'संभाव्य' दोनदा लिहिलं. सरांनी कस्टमरला पाठवलेल्या मेलमध्ये तो शब्द एकदाही नाही.

सर म्हणाले, "शाब्बास. हे झालं काम."

सोमवार, २ फेब्रुवारी

कॉन्ट्रॅक्टर नवनाथभाऊंनी मंजुळाबाईला फोनवरच 'येऊ नका' सांगितलं होतं. तिला फोन नीट ऐकू आला नसावा. ती सकाळी सातला गेटवर आली. सिक्युरिटीने आत सोडलं नाही. बस आत वळली तेव्हा ती बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेली होती. मी खिडकीजवळ होते. तिने पाहिलं की नाही, सांगता येत नाही.

नवनाथभाऊंना विचारलं, नुसती टोपी नीट घालायला सांगून चाललं नसतं का. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याच कागदावर नाव आहे की. आणि एवढं काय मनावर घेता, फोन केला की दुसरी बाई येते." दुसरी आली. कस्तुरा नाव. मोनिकाने तिचं चांगलं स्वागत केलं, उरलेली एक ट्यूब तिलाही दिली.

घरी बाबांना सांगितलं. ते तीस वर्षं पिंपरीत प्रेस शॉपला होते. त्यांनी डोळे किती, रंग कोणता, काही विचारलं नाही. विचारलं, "बाईचं नाव काय?" सांगितलं. "चौकशी झाली?"

"तांत्रिक कारण होतं, बाबा."

"तुझं नाव साक्षी ठेवलंय. न्यायाधीश नाही ठेवलं."

काळेवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत उठून जायला जागा नाही. मी गॅलरीत वाळलेले कपडे दोनदा घडी केले.

बुधवार, ४ फेब्रुवारी

काल अडतीस. सर म्हणाले, "बघ, उतरतायत." आज त्रेसष्ट.

त्रेसष्ट.

सर म्हणाले, तेल ट्रॉल्यांना लागलेलं असेल, धुऊन घ्या. ट्रॉल्या धुतल्या. मी एका डोळ्याचा तळ ब्लेडने खरवडून काचपट्टीवर घेतला. कॉलेजातली योगिनी भोसरीच्या टेस्टिंग लॅबमध्ये आहे. कंपनीच्या पत्राविना नमुना द्यायला नको, हे मला माहीत आहे. संध्याकाळी देऊन आले.

शनिवार, ७ फेब्रुवारी

योगिनीचा फोन. "खोबरेल तेल म्हणालीस ना? इन्फ्रारेडच्या आलेखात १७४५ ला काहीच नाही गं. तेलातल्या एस्टरचा मागमूस नाही. पण १२६० ला सुईसारखं टोक आहे, आणि हजार ते अकराशेत दोन मोठे उंचवटे. तुला मी सांगायला पाहिजे का?"

नको होतं. ही सिलिकॉनची सही आहे.

"साक्षी? आहेस ना लाइनवर?"

मी म्हणाले, आहे. आलेख पाठव.

रविवार, ८ फेब्रुवारी

पदव्युत्तर परीक्षेत हा प्रश्न मला पूर्ण गुणांचा होता. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये चार ध्रुवीय बंध असूनही रेणू अध्रुवीय का? मी सुबक चतुष्फलक काढला होता. अठ्ठावीस तारखेला तेच ओढण्या घेऊन चौघींना शिकवलं. आणि तीस तारखेला फक्त बंध मोजले, आकार पाहिला नाही.

आज कागदावर साखळी काढली. ऑक्सिजनच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन, कोन साधारण १४५ अंश, पाण्याच्या १०४.५ पेक्षा कितीतरी उघडा. ओढी बऱ्याचशा एकमेकींत जिरतात. उरलेलं काम मिथाइल गट करतात: प्रत्येक सिलिकॉनवर दोन, बाहेरच्या अंगाला. साखळी लवचिक असल्यामुळे ती वळते आणि ते गट वरच्या बाजूला येतात. बाहेरून जो कोणी भेटायला येईल, पाणी, अल्कोहोल, रंग, त्याला मिथाइलच भेटतात. आत कितीही ओढाताण असो, वरचा पृष्ठभाग थंड. त्यावर काही पसरत नाही. आमचं फडकं त्याला काढत नाही, फक्त एका पार्टवरून दुसऱ्यावर नेतं.

हे लिहिताना मला मंजुळाबाईचे खांदे आठवत होते. कारण माहीत नाही. ती साखळीचा भाग नाही.

माझा पहिला अहवाल चुकीचा आहे. अंशतः नाही, पूर्ण.

मंगळवार, १० फेब्रुवारी

दोन दिवस स्रोत शोधतेय. कन्व्हेयरचं वंगण: सिलिकॉन नाही. साच्यातून पार्ट सुटावा म्हणून मारतात तो स्प्रे: पुरवठादाराचं लेखी, नाही. कॉम्प्रेसरची हवा: स्वच्छ. फडकी: नवी. माणसं सोडून सगळं तपासलं.

दुपारी जिन्यावर उभी राहून हातांना क्रीम लावत होते. वाचायला जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून ट्यूबची मागची बाजू वाचली. पाणी, ग्लिसरीन, डायमेथिकोन. डायमेथिकोन म्हणजे तेच: साखळी, आणि बाहेर मिथाइल. तिसऱ्या क्रमांकावर.

वाण तेवीसला वाटलं. डोळे चोवीसला सुरू झाले. मोनिका लावते. आधीच्या चौघींपैकी तिघी लावायच्या. मी लावते, आणि त्याच हातांनी सकाळचे वीस पार्ट पुसते. कस्तुरा आली त्यानंतर डोळे वाढले, कारण जिच्याकडे ट्यूब नव्हती तिच्या जागी जिच्याकडे आहे ती आली.

जिच्याकडे ट्यूब नव्हती. म्हणजे आम्ही स्टेशनवरचे एकमेव स्वच्छ हात काढून टाकले.

बुधवार, ११ फेब्रुवारी

सकाळी ट्यूबा गोळा केल्या. मोनिकाला आधी कळेना, मग कळलं. "म्हणजे माझ्या वाणाने झालं? मॅडम, मी हौसेने दिलं होतं." ती रडत होती. मी म्हणाले, हौस हा घटक यादीत नाही. हे मी समजूत घालायला म्हटलं होतं. तिला तसं वाटलं नाही.

मग विचारलं, "मंजुळाबाईंना का दिलं नव्हतं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "मावशींचे मिस्टर चार वर्षांपूर्वी गेले ना. त्यांना कसं बोलावणार हळदी-कुंकवाला?"

मी तेवीसला विचारलं होतं, आत नाही गेलात का. उत्तर लिहूनही ठेवलं होतं.

सगळ्यांना साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावले, नवी फडकी, तासाला नवी हातमोज्यांची जोडी. आजचे डोळे: अकरा.

सरांना सांगितलं. ते खूश झाले. "मस्त! कस्टमरला लिहू: संसर्गाचा स्रोत हटवला. विषय संपला."

"मंजुळाबाईंचं काय?"

"त्याचं काय? तेल लावायचीच ना ती?"

गुरुवार, १२ फेब्रुवारी

औद्योगिक सुट्टी. मंजुळाबाईचं गाव राजगुरुनगरच्या अलीकडे, हमरस्त्यापासून वीस मिनिटं आत. पत्ता नवनाथभाऊंकडून मिळाला. सुधारित अहवालाचा मसुदा सोबत नेला.

ती ओट्यावर लसूण निवडत होती. सून आतून चहा घेऊन आली, उंबऱ्यातच उभी राहिली. मी म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली. मी दिलगिरी व्यक्त करते."

"दिलगिरी म्हंजी काय असती?"

"चुकले, असं म्हणायला आले."

"मंग तसं म्हना की." तिने लसणाची पाकळी सोलली. "इतक्या लांब यष्टीनं आलीस व्हय?" पेंट शॉपमध्ये ती मला अहोजाहो करते.

मी मसुदा वाचून दाखवला. पुराव्याचा परिच्छेद असा होता: 'सदर महिला विधवा असल्याने दि. २३ रोजीच्या कार्यक्रमात तिला क्रीम देण्यात आलं नव्हतं. त्यामुळे तिच्या हातांवर सिलिकॉन असण्याची शक्यता नाही.'

तिचा हात थांबला. सून आत गेली.

"ह्ये वाक्य खोड."

"मंजुळाबाई, तुमची बाजू याच वाक्यावर उभी आहे."

"एका कागदानं मला भाईर काढलं. मंजुळाच्या डोईचं त्याल वंगाळ. आता दुसऱ्या कागदावर काय लिवनार? मंजुळा रांडाव म्हनून सुटली? आनि ते कंपनीत फिरनार, सायेब वाचनार?"

"पण ते खरं आहे."

"व्हय, खरं हाय. माझं हाय. तुझ्या कागदाचं न्हाई."

मी मसुद्याची घडी करून पर्समध्ये ठेवला. तिने विचारलं, "तुला दिली व्हती ती टूब?"

"दिली. कुंकू न लावता. आमच्यात नसतं."

"मंग तू बी भाईरचीच की. जरा उंबऱ्यावरली." ती पहिल्यांदा हसली. या वाक्याचा अहवालाशी संबंध नाही. तरी लिहून ठेवते.

विचारलं, परत यायचंय का. म्हणाली, "यायचं न्हाई तर काय? सून बाळंतपनाला टेकलीया, ल्योक चाकनात हंगामी. पन मुकाट्यानं घेऊ नका मला. समद्यांच्या म्होरं काढलं, समद्यांच्या म्होरं सांगा. आनि ह्ये न सांगता सांगा."

"मग तुम्ही येऊन सगळ्यांसमोर दहा पार्ट पुसा. डोळे पडणार नाहीत. सिद्ध होईल."

"मी कशाला पुसू? माझी परिक्षा झाली. तुमी चुकला, तुमी पुसा."

येताना तिने लसणाच्या चार गड्ड्या दिल्या. नको म्हटलं तर म्हणाली, "वान न्हाई त्ये. घे."

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

वाक्य खोडलं. आता अहवालात भोक आहे. क्रीम दोषी, हे दाखवता येतं. तेल निर्दोष, हे कशावरून? ते वाक्य गेलं की कोणीही म्हणेल, क्रीम होतंच, तेलही असेल.

दिवसभर पेंट शॉपमध्ये फेऱ्या मारल्या. मोनिका म्हणाली, "मॅडम, बसा, तुमच्या पायाने फरशी झिजेल." तीन वाजता लक्षात आलं. 'तेलाने डोळे पडतात' हे मी कधी तपासलंच नव्हतं. फक्त लिहिलं होतं. दहा पार्ट आणि एक बाटली खोबरेल तेल, एवढंच लागलं असतं. एकतीस जानेवारीलाच.

सोमवारी सकाळच्या मीटिंगसमोर करायचं, असं सरांना सांगितलं. "कस्टमर वीसला येतोय आणि तू स्वतःच्या नावाने शिमगा करणार? कन्फर्मेशन माझ्या टेबलावर आहे, माहितीये ना?" माहीत आहे. अठ्ठावीस तारीख.

मी नाही म्हणाले नाही. होही म्हणाले नाही. बाहेर येऊन तीस कोरे पार्ट बाजूला काढून ठेवले.

रविवार, १५ फेब्रुवारी

डोळे सहा. बाबांना सांगितलं, उद्या काय करणार आहे. ते म्हणाले, "घाबरलीस?" म्हणाले, नाही. ते म्हणाले, "ताटात बघ." मी भाकरीचे तुकडे करून ठेवले होते, एकही खाल्ला नव्हता. भाकरी जाड होती, कदाचित म्हणून.

सोमवार, १६ फेब्रुवारी

सकाळी साडेसात, पेंट शॉपची मीटिंग, बावीस जण. नवनाथभाऊ होते. मंजुळाबाई व्हिजिटरचा पास लावून दारापाशी उभी होती. तिला यायला मी सांगितलं नव्हतं. 'करणार आहे' एवढंच कळवलं होतं.

पहिल्यांदा हात धुऊन दहा पार्ट पुसले. मग दोन्ही तळव्यांना खोबरेल तेल चोपडून, पुसून, दहा. मग साबणाने हात धुतले, क्रीम लावलं, पाच मिनिटं थांबले, आणि दहा. प्रत्येकावर मागून आकडा टाकला. कोणीतरी म्हणालं, "मॅडम, खोबरेल संपवलंत, आज घरी भाजी कशात?" बूथमधून, भट्टीतून बाहेर यायला पाऊण तास लागला. एवढा वेळ मला उभं राहायला कुठली जागा योग्य, ते ठरत नव्हतं.

धुतलेले हात: शून्य डोळे. तेल: शून्य डोळे, दोन पार्टवर चकाकी किंचित कमी. क्रीम: दहापैकी नऊ, एकूण एकतीस डोळे.

मी पाठ केलेलं बोलले. "हे डोळे हाताच्या क्रीममुळे पडत होते. ते क्रीम मी स्वतः वापरत होते, आणि रोज सकाळी त्याच हातांनी पार्ट पुसत होते. केसांच्या तेलाने डोळे पडत नाहीत. मी ते न तपासता लिहिलं आणि मंजुळाबाईंचं नाव घातलं. तो अहवाल चूक होता. चूक माझी."

मोनिकाने तोंड उघडलं. ती 'ट्यूब मी दिली' असं म्हणणार, हे मला दिसलं. मी तिच्या आधी म्हणाले, "क्रीम कुठून आलं याने रसायनशास्त्रात फरक पडत नाही." तिने तोंड मिटलं.

मागून मंजुळाबाईचा आवाज आला. "दोनांची चकाकी कमी हाय म्हनतायसा. उद्यापासनं टोपी नीट घालीन."

हशा झाला. नवनाथभाऊ सगळ्यांत मोठ्याने हसले आणि मग गप्प झाले, कारण सगळे त्यांच्याकडे बघत होते. म्हणाले, "या उद्यापासून, मावशी. काय राव, असं बघता काय."

सुधारित अहवालावर सही केली. त्यात हळदी-कुंकू नाही, विधवा नाही, मोनिका नाही. 'क्रीम, वापरणारे: अहवाल लिहिणारी व इतर.' सरांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "'अहवाल लिहिणारी' काढ, मी कन्फर्मेशन पुढे पाठवतो." मी म्हणाले, "राहू दे, सर."

मंगळवार, १७ फेब्रुवारी

माझा प्रशिक्षण काळ तीन महिन्यांनी वाढवला. पत्र आलं. डोळे: चार.

बुधवार, १८ फेब्रुवारी

नवा नियम: पुसण्याच्या स्टेशनवर येणाऱ्या प्रत्येकाने आधी हात दाखवायचे, मग हातमोजे घालायचे. कुणी तपासायचे, यावर मोनिका म्हणाली, "मंजुळामावशींनी. त्यांच्या हाताला कुणी नाव ठेवणार नाही आता." तिने हे मान खाली घालून म्हटलं.

सकाळी रांगेत मी पाचवी होते. मंजुळाबाई टोपी भुवयांपर्यंत ओढून स्टुलावर बसली होती. मोनिकाचे तळवे उजेडाकडे वळवून पाहिले, वास घेतला, सोडले. कस्तुराचे पाहिले, सोडले. एकीला एक सेकंद.

"म्याडम, हात."

मी पुढे केले. पेरांच्या भेगा पुन्हा उघडल्या आहेत. क्रीम बंद केल्यावर ते अपेक्षितच होतं. तिने अंगठ्याने एका भेगेवरून हळूच फिरवलं.

"आज काय लावलंय?"

"काही नाही."

"व्हय," ती म्हणाली, "दिसतंय."

तपासायला एक सेकंद पुरतो. तिने माझे हात चार सेकंद धरले. मागच्या बाया खोळंबल्या होत्या. मी ओढून घेतले नाहीत.